मैदानाच्या कडेची गर्दी

पावसाळा स्थिरावला की जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडे शालेय फुटबॉलचे सामने सुरू होतात. मैदानावर चिखल, गोलखांबांजवळ डबकी, अंगात एक माप मोठे शर्ट घातलेली बावीस मुले आणि ओली झालेली शिट्टी पुन्हा पुन्हा झटकणारे पंच. हे दृश्य तीस वर्षांपूर्वी होते तसेच आजही आहे. बदलली आहे ती मैदानाच्या कडेची गर्दी. पूर्वी तेथे क्रीडाशिक्षक असत, तास बुडवून आलेली चार-दोन मुले असत आणि फार तर एखादी भेळेची गाडी. आता तेथे छत्र्या घेतलेले आईवडील असतात. कुणाच्या हातात पाण्याची बाटली आणि केळी, कुणाच्या हातात चित्रण करणारा मोबाइल.

हा बदल मुळात आनंदाचाच आहे. मुलाचा सामना पाहण्यासाठी कचेरीतून रजा काढणारा बाप आमच्या पिढीला ठाऊक नव्हता. ‘खेळून कुणाचे पोट भरले आहे?’ हा प्रश्न तेव्हा बहुतेक घरांत विचारला जाई आणि त्याला उत्तर द्यायचे नसते, हेही मुलांना कळत असे. त्या मानाने आजचे आईबाप कितीतरी उदार. पण या गर्दीत अर्धा तास उभे राहिले की मन थोडे साशंक होते. ‘पास कशाला दिलास? स्वतः मार ना!’, ‘अरे, धाव, झोपलायस का?’, ‘सर, आमच्या मुलाला बाहेर का काढले?’ असे आवाज ऐकू येऊ लागतात. मैदानातला मुलगा चेंडूकडे पाहायचे सोडून मधूनच कडेला पाहतो. ते पाहणे ज्याने एकदा पाहिले, त्याला या विषयावर लिहावेसे वाटल्याशिवाय राहणार नाही.

आईबापांनी अपेक्षाच ठेवू नयेत, असे सांगणारे पुष्कळ जण भेटतात. मला ते पटत नाही. अपेक्षा न ठेवणारे आईबाप असतील तर त्यांना मुलाकडे बघायला वेळ नसावा. प्रश्न अपेक्षा ठेवण्याचा नाही. कोणती ठेवायची, कधी ठेवायची आणि ती मुलापर्यंत कोणत्या शब्दांत पोचवायची, हा आहे.

पेठेतला चेंडू

महाराष्ट्रात फुटबॉलवर खरा जीव टाकणारे गाव कोणते, असे विचारले तर कोल्हापूरचेच नाव घ्यावे लागेल. मुंबईला कूपरेजचे मैदान आहे, १८९१ मध्ये सुरू झालेल्या रोव्हर्स कपचा इतिहास आहे. पण पेठेतल्या आजीलासुद्धा कालच्या सामन्याचा निकाल माहीत असावा, ही गोष्ट कोल्हापुरातच. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब ही नावे तेथे नुसत्या संघांची नाहीत. ती माणसाची ओळख आहे. ज्या तालमींत कुस्ती रुजली त्याच तालमींनी फुटबॉलचे संघ उभे केले. शाहू स्टेडियमवर मोठा सामना असला की पेठा ओस पडतात आणि पोलिसांना जादा बंदोबस्त लावावा लागतो.

बँकेच्या नोकरीत माझी काही वर्षे त्या गावात गेली. तेव्हा लक्षात आलेली एक गोष्ट अशी की, खेळणाऱ्या मुलाचा बाप मैदानावर फारसा दिसत नसे. मुलाला मैदानावर नेई तो त्याचा मामा, थोरला भाऊ किंवा तालमीतला कुणी दादा. बाप संध्याकाळी कट्ट्यावर बसलेला असताना कुणीतरी येऊन सांगे, ‘तुमचं पोरगं आज बरं खेळलं की.’ बाप नुसता हुंकार देई. त्या हुंकारात अभिमान भरपूर असे, पण मुलाच्या डोक्यावर त्याचे ओझे नसे. मुलगा खेळे तो पेठेसाठी. हरला तर सगळी पेठ हरे, जिंकला तर सगळी पेठ गुलाल उधळी. अपेक्षा होतीच, पण ती हजार माणसांत वाटली गेलेली होती.

त्या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे कारण नाही. पेठांच्या ईर्षेपायी हाणामाऱ्या झाल्या, शिक्षण अर्धवट सोडलेली चांगली मुले नाक्यावर उभी राहिली, आणि मुलींना तर त्या स्टेडियमच्या पायऱ्यांवरही जागा नव्हती. तरी एक गोष्ट तीत बरी होती. मुलाचा खेळ हा एका घराचा गुंतवणुकीचा विषय झालेला नव्हता.

आज तो झाला आहे, आणि त्याला कारणेही आहेत. २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग सुरू झाली आणि फुटबॉलमध्येही पैसा असतो हे दूरदर्शनच्या पडद्यावर घरोघर दिसले. २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये सतरा वर्षांखालील मुलांची विश्वचषक स्पर्धा भारतात झाली. त्या संघात बालेवाडीच्या क्रीडा प्रबोधिनीत तयार झालेला कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. भारत अमेरिकेकडून, कोलंबियाकडून आणि घानाकडून हरला, पण कोलंबियाविरुद्ध जॅक्सन सिंगने केलेला गोल हा कोणत्याही वयोगटाच्या फुटबॉल विश्वचषकातला भारतीय मुलांचा पहिला गोल ठरला. त्या रात्री किती बापांनी आपल्या झोपलेल्या मुलाकडे वेगळ्या नजरेने पाहिले असेल!

त्या एकवीस मुलांचे पुढे काय झाले, हे मात्र त्या बापांनी पाहायला हवे होते. जॅक्सन, सुरेश वांगजाम, अन्वर अली असे काही जण भारताच्या वरिष्ठ संघापर्यंत पोचले. काही जण क्लबांच्या राखीव बाकावर राहिले, काहींची नावे आता आठवावी लागतात. अन्वर अलीला २०१९ मध्ये हृदयाचा विकार असल्याचे निदान झाले आणि त्याला खेळ थांबवायला सांगण्यात आले. न्यायालयापर्यंत जाऊन, नव्या तपासण्या करून तो पुन्हा उभा राहिला, ही त्याची जिद्द. सगळ्या देशातून वर्षानुवर्षे निवडून, पारखून, परदेशी प्रशिक्षण देऊन घडवलेल्या एकवीस जणांची ही कथा. मग आपल्या गल्लीतल्या स्पर्धेत ‘उत्कृष्ट खेळाडू’चा करंडक मिळवलेल्या मुलाबद्दल किती हिशेब मांडावा?

नोकरी नावाचा गोल

हिशेबाचा विषय निघाला म्हणून सांगतो. मी बँकेत लागलो त्या काळी मुंबईच्या फुटबॉलमध्ये संस्थांचे संघ जोरात होते. टाटा, मफतलाल, ओर्के मिल्स, एअर इंडिया, आरसीएफ, रेल्वे, पोलीस आणि बँकांचेही संघ. खेळाडू म्हणून भरती झालेली मुले सकाळी सराव करीत आणि दुपारी काउंटरवर बसत. आमच्या शाखेत एक गोलरक्षक होता. नोटा मोजताना त्याची बोटे अशी चालत की रांगेतली माणसे बघत राहत. पस्तिशीला त्याचा खेळ संपला, पण नोकरी संपली नाही. उशिरा का होईना पदोन्नतीची परीक्षा देऊन तो अधिकारी झाला, घर घेतले, मुलींना शिकवले. त्या काळच्या बापाची खेळाकडून एवढीच अपेक्षा असे, आणि ती बऱ्याच वेळा पुरी होई.

तो रस्ता आता अरुंद झाला आहे. गिरण्या गेल्या, संगणक आल्यावर बँकांची भरती आक्रसली, रोव्हर्स कप २००१ नंतर झालाच नाही, महिंद्राने २०१० मध्ये आपला नावाजलेला संघ बंद केला. सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी महाराष्ट्रात पाच टक्के आरक्षण आहे, दहावी-बारावीला सवलतीचे गुण आहेत. पण त्यासाठी ठरावीक पातळीवरची कामगिरी लागते आणि मागणारे असंख्य. बनावट क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणे आपल्या राज्यात उघडकीला आली ती या टंचाईतूनच.

व्यावसायिक खेळाचे काय? २०२४-२५ च्या हंगामात इंडियन सुपर लीगमध्ये तेरा क्लब होते. प्रत्येकाकडे तीस भारतीय खेळाडू धरले तरी बेरीज चारशेच्या आत येते. हा आकडा साऱ्या देशाचा, आणि त्यात ईशान्येची, बंगालची, केरळची, गोव्याची, पंजाबची मुले आहेत. त्यातही पक्केपणा किती? २०२५ च्या जुलैमध्ये कराराच्या वादातून पुढचा हंगाम रोखून धरला गेला आणि ऑगस्टमध्ये बंगळूरूच्या क्लबने खेळाडूंचे पगार अनिश्चित काळासाठी थांबवले. देशातल्या सर्वांत वरच्या पायरीवर उभ्या असलेल्या खेळाडूची ही स्थिती असेल, तर आठवीतल्या मुलाच्या बुटांवर घराचा पाया रचणे शहाणपणाचे नव्हे.

निवृत्तीनंतरही ओळखीचे लोक पैशाच्या गोष्टी विचारायला येतात. मध्यंतरी एक गृहस्थ आले. लहानसे दुकान, एक मुलगा, वय पंधरा. कुणीतरी त्यांना सांगितले होते की, युरोपातल्या एका अकादमीत सहा महिने पाठवा, पुढचे आम्ही बघतो. खर्च त्यांच्या दोन वर्षांच्या कमाईएवढा. ‘साहेब, दुकान गहाण ठेवलं तर किती मिळेल?’ हा त्यांचा प्रश्न होता. मी त्यांना विचारले, ‘मुलाची निवड कुणी केली? कोणत्या सामन्यात पाहून?’ निवड झालीच नव्हती. अर्ज भरला होता आणि पैसे मागितले होते. खऱ्या क्लबला मुलगा हवा असेल तर क्लब खर्च करतो, आणि अठरा वर्षांच्या आतल्या परदेशी मुलाला नोंदवून घेण्यावर जागतिक फुटबॉल संघटनेचे कडक निर्बंध आहेत, एवढे दोनच मुद्दे त्यांच्यासमोर ठेवले. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, ‘पोराला काय सांगू? त्यानं शाळेत सगळ्यांना सांगून ठेवलंय.’

त्यांच्या प्रश्नाने मला कर्जाच्या प्रश्नापेक्षा जास्त अस्वस्थ केले. कारण मुलाने सगळ्यांना सांगून ठेवले होते, ते आधी घरात ठरले होते म्हणून.

सातासमुद्रापलीकडेही तेच

हे दुखणे आपल्याकडचेच, असे कुणी समजू नये. अमेरिकेत न्यू जर्सीला किंवा कॅलिफोर्नियाला स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांत जा. शनिवार-रविवार मुलांच्या सॉकरमध्ये जातो. तेथे फुटबॉल म्हणजे दुसराच खेळ, म्हणून आपल्या फुटबॉलला सॉकर म्हणायचे. मुलगा क्लबच्या संघात असेल तर वर्षाला काही हजार डॉलर शुल्क, शिवाय तीन-तीन तास गाडी हाकत दुसऱ्या राज्यात सामने. भारतात लेकीच्या बुटाला पैसे नव्हते म्हणून खेळ सोडलेली आई तेथे लेकीसाठी थंडीत घडीच्या खुर्चीवर बसलेली असते. ती कौतुकाचीच गोष्ट. पण तिच्या मनातही एक बेरीज चालू असते: कॉलेजची शिष्यवृत्ती.

ती बेरीज तेथील आकडेवारीच खोडून काढते. हायस्कूलमध्ये सॉकर खेळणाऱ्या शंभर मुलांपैकी पाच-सहा कॉलेजच्या अधिकृत आंतरविद्यापीठ स्पर्धांपर्यंत पोचतात. सर्वांत वरच्या श्रेणीत एक किंवा दोन. २०२५ पर्यंत त्या वरच्या श्रेणीतल्या मुलांच्या संघाला पूर्ण शिष्यवृत्त्या मिळत फक्त ९.९, आणि त्या पंचवीस-तीस खेळाडूंत तुकडे करून वाटल्या जात. मुलींच्या संघाला १४. नियम आता बदलले, संघसंख्येवर मर्यादा आली, पण गणित फारसे उदार झालेले नाही. तिसऱ्या श्रेणीतली कॉलेजे आणि ज्यांच्या नावाने आपल्या लोकांच्या तोंडाला पाणी सुटते ती आयव्ही लीगची विद्यापीठे तर खेळासाठी शिष्यवृत्ती देतच नाहीत. दहा वर्षे क्लबला भरलेले पैसे नुसते साठवले असते तरी फीचा बराच भाग निघाला असता, असे तेथले कितीतरी पालक मुलगा कॉलेजात गेल्यावर सांगतात.

कडेच्या आरडाओरड्याला कंटाळून त्या देशातल्या ओहायो राज्यातील मुलींच्या एका सॉकर लीगने १९९९ मध्ये एक रविवार मूक पाळला. पालकांनी आणि प्रशिक्षकांनी सामना चालू असताना तोंडातून शब्द काढायचा नाही. पुढे ही कल्पना इतरत्रही पसरली. शांत मैदानावर मुली एकमेकींशी बोलू लागतात, स्वतः निर्णय घेऊ लागतात, एवढे साधे तिचे मर्म. आपल्याकडे असा एखादा रविवार पाळून पाहायला काय हरकत आहे? मौनव्रताची परंपरा तर आपलीच.

जन्मतारखेचा खेळ

आता थोडे अवघड बोलायचे आहे. वयोगटाच्या स्पर्धांत जन्मतारीख बदलण्याचा रोग आपल्याकडे जुना आहे. १९६० मध्ये सुरू झालेल्या सुब्रतो कपसारख्या नामांकित शालेय स्पर्धेलाही या प्रश्नाशी झगडावे लागले आहे. मनगटाचा एक्स-रे काढून हाडांच्या वाढीवरून वय अजमावण्याची पद्धत आली ती त्यामुळेच. मुलगा स्वतः कधी जन्मतारीख बदलत नाही. ती बदलतात मोठी माणसे. कधी प्रशिक्षक सुचवतो, कधी शाळा डोळेझाक करते, पण दाखल्यावर सही असते ती पालकाची.

‘सगळेच करतात, आपण मागे का राहायचे?’ हा यावरचा ठरलेला युक्तिवाद. त्यात तोटा कुणाचा, हे मात्र कुणी पाहत नाही. सतरा वर्षांचा मुलगा पंधरा वर्षांखालील संघात नुसत्या ताकदीवर चार जणांना ढकलून गोल करतो. चेंडू ताब्यात कसा घ्यावा, मान वर करून कसे पाहावे, कधी सोडावा, हे शिकायची त्याला गरज पडत नाही. मग खुल्या गटात सगळेच ताकदवान भेटतात आणि हा उघडा पडतो. दरम्यान खऱ्या वयाचा, चणीने लहान पण डोक्याने चपळ असा एखादा मुलगा बाकावर बसून खेळ सोडून गेलेला असतो. दोन्ही मुले गेली.

वय खरे असले तरीही एक अन्याय राहतोच. वयोगटाची रेघ १ जानेवारीला मारली जाते. जानेवारीत जन्मलेला मुलगा आणि डिसेंबरात जन्मलेला मुलगा एकाच गटात खेळतात. तेरा-चौदाव्या वर्षी त्या अकरा महिन्यांत उंचीचा आणि ताकदीचा मोठा फरक असतो. जगभरच्या युवा संघांत वर्षाच्या पहिल्या तिमाहीत जन्मलेल्या मुलांची संख्या जास्त आढळते, ते यामुळे. म्हणून तेराव्या वर्षी निवड न झालेल्या मुलाच्या आईने डोळ्यांत पाणी आणू नये, आणि निवड झालेल्याच्या बापाने पेढे वाटू नयेत. दोघांनीही दोन-तीन वर्षे थांबावे.

गुडघा आणि गुणपत्रिका

मुलाचे शरीर वाढत असते, हे अपेक्षेच्या भरात विसरले जाते. शाळेचा संघ, क्लबचा संघ, रविवारची सेव्हन-अ-साइड स्पर्धा आणि वर खासगी शिबिर, असे आठवड्याचे सातही दिवस पळणारी मुले मी पाहतो. गुडघ्याच्या आतला एसीएल नावाचा अस्थिबंध तुटला तर शस्त्रक्रिया आणि नऊ महिने ते वर्षभराची विश्रांती ठरलेली. फुटबॉल खेळणाऱ्या मुलींमध्ये ही दुखापत मुलांच्या दुप्पट-तिप्पट आढळते. यावर उपाय नाही असे नाही. जागतिक संघटनेने तयार केलेला वीस मिनिटांचा वॉर्म-अप आहे, त्याला साधनसामग्री लागत नाही. नॉर्वेमध्ये तेरा ते सतरा वर्षांच्या मुलींवर झालेली मोठी पाहणी २००८ मध्ये प्रसिद्ध झाली; तो नेमाने करणाऱ्या संघांत दुखापती लक्षणीय कमी झाल्याचे तिच्यात दिसले. बाराशे रुपयांच्या बुटांऐवजी सहा हजारांचे बूट मागणारे पालक प्रशिक्षकाला ‘हा वॉर्म-अप रोज घेता का?’ असे मात्र विचारीत नाहीत.

मुलींचा विषय निघाला आहे तर तोही बोलून टाकू. मुलाकडून घराची अपेक्षा अती, आणि मुलीकडून अपेक्षाच नाही, असे आपले उलटसुलट गणित आहे. ‘दहावीपर्यंत खेळ, मग पुरे’ हे वाक्य आजही ऐकू येते. भारताच्या महिला संघाने २०२५ च्या जुलैमध्ये थायलंडला त्यांच्याच भूमीवर हरवून आशियाई चषकाची पात्रता मिळवली. त्या संघातल्या प्रत्येक मुलीच्या घरी कधी ना कधी ‘पुरे’ म्हणायची वेळ आली असेल. कुणीतरी ते म्हणाले नाही, एवढेच.

आणि अभ्यास? दहावीच्या वर्षी बूट माळ्यावर टाकायचे, ही एक टोकाची रीत. अकरावीला ‘हजेरीचे बघून घेऊ’ म्हणणारे कॉलेज शोधायचे, ही दुसऱ्या टोकाची. दोन्ही चुकीच्या. रोज दीड तास खेळणाऱ्या मुलाचा अभ्यास बुडतो तो खेळाने नव्हे; खेळानंतर दोन तास मोबाइलवर दुसऱ्यांचा खेळ पाहिल्याने. भारताचा सर्वांत यशस्वी फुटबॉलपटू सुनील छेत्री याने चांगल्या कॉलेजात प्रवेश मिळावा म्हणून आपण फुटबॉलकडे पाहत होतो, असे सांगितले आहे. म्हणजे त्याच्याही घरी कॉलेज हा विषय होताच. त्याला रस्ता वेगळा सापडला. ज्यांना सापडत नाही त्यांच्या हाती पदवी तरी असू द्या. फिजिओथेरपी, क्रीडा व्यवस्थापन, पंचगिरी, प्रशिक्षणाचे परवाने असे खेळाच्या जवळ राहण्याचे मार्गही आता आहेत, आणि त्या सगळ्यांना शिक्षण लागते.

मग अपेक्षा कोणती?

बँकेच्या भाषेत सांगायचे तर मुलाचा खेळ ही मुदत ठेव नव्हे. इतकी वर्षे इतके पैसे ठेवले म्हणजे मुदत संपताच इतके व्याज, असे तिथे काही नसते. त्याला चालू खाते समजावे. चालू खात्यावर व्याज मिळत नाही, पण रोजची देवघेव त्याच खात्यावर चालते. रोज मैदानावर गेल्याने मुलाला त्या दिवशीच काही मिळते: भूक, झोप, मित्र, हरल्यावर समोरच्याशी हात मिळवण्याची सवय. ते त्या त्या दिवशी जमा झालेले असते. पुढे निवड झाली नाही म्हणून ते कुणी काढून घेऊ शकत नाही.

या हिशेबाने पाहिले तर आईबापांनी मुलाकडून पुष्कळ अपेक्षा ठेवाव्यात. त्याने सरावाला वेळेवर जावे. आपले बूट आपण धुवावेत. पंचांचा निर्णय मानावा. बाकावर बसवले तर तोंड पाडून न बसता सोबत्याला टाळी द्यावी. प्रशिक्षकाशी बोलायचे असेल तर स्वतः बोलावे, बापाला पाठवू नये. या अपेक्षा कडक ठेवा, कारण त्या पुऱ्या करणे त्याच्या हातात आहे. गोल होणे, निवड होणे, नोकरी लागणे त्याच्या हातात नाही. जे त्याच्या हातात नाही त्याचा जाब त्याला विचारणे हा अन्याय आहे, मग तो कितीही प्रेमाने केलेला असो.

सर्वांत जपायची वेळ म्हणजे सामना संपल्यावर घरी परतण्याची. स्कूटरवर मागे बसलेला, अंगभर चिखल झालेला मुलगा आधीच सगळा सामना मनात पुन्हा खेळत असतो. तेव्हा त्याला चुका सांगायच्या नसतात. ‘भूक लागली का?’ एवढे विचारले तरी पुरते. सामन्याबद्दल बोलायचे असेल तर तो रात्री जेवताना आपण होऊन बोलेल. नाही बोलला तर तेही समजून घ्यावे.

शाळांनी आणि संघटनांनीही काही करायला हवे. हंगाम सुरू होण्यापूर्वी पालकांची एक सभा घ्यावी. आपल्या संघात प्रत्येक मुलाला किती वेळ खेळायला मिळेल, निवड कशी होते, दुखापतीचा खर्च कोण करते, हे तिथे स्पष्ट सांगावे. बरीचशी भांडणे न सांगितल्याने होतात. मुलाची पहिली नोंदणी करतानाच मूळ जन्मनोंद पाहून ती कायम करावी, म्हणजे पुढे दरवर्षी नवा दाखला जन्माला येणार नाही. आणि मैदानाच्या कडरेषेपासून चार पावले मागे आणखी एक चुन्याची रेघ मारून पालकांना तिच्यामागे उभे करावे. चुन्याला फारसा खर्च येत नाही.

पेठेतला तो हुंकार देणारा बाप परत येणार नाही, आणि तो यावा असेही नाही. आजच्या आईबापांनी मैदानावर जरूर यावे. छत्री आणावी, केळी आणावीत, दोन्ही संघांच्या चांगल्या खेळाला टाळ्या वाजवाव्यात. मुलगा खेळता खेळता कडेला पाहील तेव्हा त्याला तेथे एक ओळखीचा, शांत चेहरा दिसावा. मग तो पुन्हा चेंडूकडे वळेल.